निकम सर आणि वाळूतला दगड

निकम सरांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते दगड चाटत होते.

साताऱ्यात माझ्या आक्काचं घर आहे, त्याला लागून त्यांचं दार. दाराच्या पायरीवर बसलेले, अंगात पांढरा झब्बा, गळ्यात बुटाच्या नाडीला अडकवलेलं भिंग आणि हातात लिंबाएवढा दगड. एकदा चाटला, भिंगातनं बघितला, मान हलवली, परत चाटला. आतनं काकूंचा आवाज आला, "अहो, पानं घेतलीत. दगडावर पोट भरू नका."

"खात नाही गं, ओला करतोय. ओला केला की कण दिसतात."

"मग नळ आहे की."

"नळासाठी उठायला लागतं," सर म्हणाले आणि माझ्याकडं बघून, जणू मी पंच आहे अशा थाटात, पुढं म्हणाले, "बरोबर का नाही?"

मी मान हलवली. समोरचा माणूस 'सर' आहे हे आक्कानं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि सर लोकांपुढं मान हलवण्यापलीकडं माझी कधी मजल गेलेली नाही.

माझं गाव आटपाडी तालुक्यात. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे गणिताच्या गुरुजींना बघितलं की पोटात गोळा यायचा, तो गोळा एक दिवस मला घेऊन घरी आला आणि परत गेला नाही. आमच्याकडं पोरगं शाळेत रमंना की त्याला गलाईला पाठवतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. कुठल्याही मुलखातल्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात भट्टीपुढं आटपाडी-विट्याकडचा माणूस घाम पुसत बसलेला सापडेल. माझ्या वाट्याला बिकानेर आलं. हे लिहितोय तेही तिथंच बसून, दोन घाण्यांच्या मधल्या वेळात, भट्टी निवायची वाट बघत.

आमच्या धंद्यात फेकून द्यावं असं काही नसतं. सराफाच्या दुकानातला केर, कारागिरानं हात धुतलेलं पाणी, बसायचं फाटकं पोतं, सगळं जाळायचं, गाळायचं आणि त्यातनं गुंजभर सोनं काढायचं. त्यामुळं अनोळखी वस्तू हातात आली की शहाणा माणूस ती कुणाला तरी दाखवतो, आमचा माणूस ती भट्टीत घालतो. पुढं जे रामायण झालं ते ह्या सवयीनं झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एकदा दुकानाच्या मालकाबरोबर मोटरसायकलवरून एका वाडीला निघालो होतो. मालक आमच्याच गावचे. वाटेत गाडी थांबवली. नजर पोचेल तिथवर वाळू आणि त्या वाळूत एकच काळा दगड. नारळाएवढा. मला राजस्थानात पाच वर्षं झाली होती आणि आपल्याकडच्या बांधावरचा वाटावा असा दगड पाच वर्षांत दिसला नव्हता. खरं सांगायचं तर गावाची आठवण झाली म्हणून उचलला.

मालक म्हणाले, "आरं, लोक हितनं गालिचे नेत्यात. तू धोंडा घिऊन निघालास व्हय?"

पण धोंडा वजनाला जबर होता. दुकानात आणून लोहचुंबक लावलं तर चिकटलं. एक कोपरा घासला तर आत बारीक बारीक चकाकी. मग काय, तेजाब टाकून बघितलं, सोनं नाही. चांदी असेल म्हणून दगडाचं एक टोक सांडशीत धरून भट्टीच्या तोंडात दिलं, धातू लवकर पाघळावा म्हणून वरनं टाकणखार मारला. चांदी काही निघाली नाही. तेवढं टोक मात्र काचेसारखं काळं, चकचकीत होऊन बाहेर आलं. दोन वर्षं दगड माझ्या पेटीत पडून राहिला. गावच्या यात्रेला म्हणून महिन्याभराची रजा काढली तेव्हा बरोबर आणला, आणि आधी साताऱ्याला आक्काकडं उतरलो. आक्कानं कपाळाला हात लावला आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दगड दाराला लावला.

निकम सर विरजण मागायला आले ते तिथंच अडले. वाटी एका हातात, दुसरा हात भिंगाकडं.

"हा कुठला?"

"दाराला लावलाय," आक्का म्हणाली.

"ते दिसतंय. पण हा इथला नाही. सातारा जिल्ह्यातले सगळे दगड मला ओळखतात. हा माझ्याकडं बघंना झालाय."

हे ते खोटं बोलत नव्हते. सर मूळचे पाटणकडचे, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भूगर्भशास्त्राच्या माणसाचं दुर्दैव काय असावं, तर साताऱ्यात नोकरी लागणं. खाली कातळ, वर कातळ, घाटात कातळ, गडावर कातळ. सगळा एकच काळा दगड, बेसॉल्ट. "बाकीच्या प्राध्यापकांना निदान विषय बदलता येतो," सर म्हणायचे, "मी पस्तीस वर्षं पोरांना एकच दगड वेगवेगळ्या बाजूंनी दाखवला." त्यांची एकच इच्छा उरली होती. आपल्या हातानं एखाद्या उल्केचं वर्गीकरण करायचं. आकाशातनं पडलेला दगड कुठल्या जातीचा, कुठल्या प्रतीचा, हे बघून खाली आपली सही करायची. एकदाच.

आणि लोक आणून द्यायचेही. पंचक्रोशीत कुणालाही काळा, जड, वेडावाकडा दगड सापडला की तो निकम सरांच्या दारात यायचा. त्यांच्या पुढच्या खोलीत एक लांब फळी होती, तिच्यावर ते सगळे मांडलेले. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. फळीच्या वर पाटी होती, 'आकाशातून न पडलेले'. त्यात फाउंड्रीतला मळ होता, साखर कारखान्याच्या बॉयलरमधली खडी होती, एक रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. प्रत्येक चिठ्ठीवर आणणाऱ्याचं नाव आणि खाली 'सप्रेम परत न नेलेला'.

त्यातला एक निवृत्त सुभेदारांचा होता. सुभेदार तीनदा आलेले. काकू त्यांच्या आणि सरांच्या आवाजात ती गोष्ट करून दाखवायच्या.

"सर, म्या ह्यो पडताना बघितलाय. धाडकन पत्र्यावर आला."

"सुभेदार, पडला ह्यात वाद नाही. कुठनं पडला तेवढंच बघायचंय. शेजारी चिंच आहे का?"

"हाय की."

"आणि शेजारच्यांचा नातू?"

सुभेदार म्हणाले, "नातू दुसरीत हाय."

"मग हाताचा नेम अजून बसलेला नाही," सर म्हणाले, आणि सुभेदारांना चहा पाजून, दगड फळीवर ठेवून, मानानं पाठवलं. कुणाला हसायचं नाही हा त्यांचा नियम होता. हसायचं काम काकूंकडं.

तर असा माणूस माझ्या दगडापुढं उकिडवा बसलेला. विरजण विसरलं. चुंबक लावलं, चिकटलं. मी घासलेल्या कोपऱ्यावर भिंग टेकवलं आणि त्यांची भाषा बदलली. एरवी सर पुस्तकातलं बोलायचे, पण आनंद झाला की पाटणला पोचायचे.

"आरं तिच्या मारी," ते हळूच म्हणाले, "कण हायत की रं गोल."

मग मला समोर बसवून त्यांनी उलटतपासणी घेतली.

"धुतलास?"

"न्हाई सर."

"तेल, शेंदूर?"

"न्हाई सर."

"भाजलास का? एकानं मला खराखुरा वाटणारा दगड चुलीत घालून आणला होता. कशाला, तर जंतू मरावेत म्हणून. त्या दिवशी मी जेवलो नाही. दगड दोनशे कोटी, चारशे कोटी वर्षं आपली साक्ष धरून बसतो आणि आपण त्याला भाजतो. साक्षीदाराला मारण्यासारखं आहे ते. तू भाजलास?"

शाळेत असताना गुरुजींनी काहीही विचारलं की वर्गातलं प्रत्येक पोर पहिलं उत्तर 'मी न्हाई' असंच द्यायचं. ती सवय माझ्यात नववीपासून तशीच राहिलेली.

"न्हाई सर," मी म्हणालो.

यात्रेला मी एक दिवस गावी जाऊन आलो, बाकी रजा साताऱ्यातच गेली. सर मला सोडायला तयार नव्हते. दगड माझा होता आणि माझा हात त्यांना पसंत पडला होता. दगडाचं वर्गीकरण करायचं तर त्याची चकती कापायची, ती काचेवर चिकटवायची आणि पावडरनं इतकी घासायची की दगडातनं उजेड आरपार गेला पाहिजे. सरांचा हात थरथरायचा. मी आयुष्यभर गुंजेचा हिशेब केलेला, माझा हात थरथरत नाही. गच्चीवर बसून मी घासायचो आणि सर शेजारी बसून बजावायचे, "सावकाश. दगडाला घाई नसते." हे ते कुकरला शिट्टी होईना तरी म्हणायचे, आणि काकू म्हणायच्या, "दगडाला नसेल, मला भाजी टाकायचीय."

चकती झाली. सरांनी कॉलेजातनं भंगारात निघालेला सूक्ष्मदर्शक घरी आणून दुरुस्त केलेला, त्याच्याखाली ती ठेवली आणि मला डोळा लावायला सांगितला. आत निळे, पिवळे, गुलाबी तुकडे, रांगोळी सांडल्यासारखे, आणि त्यात गोल गोल दाणे. मी डोळा काढलाच नाही.

"हे दाणे म्हणजे बुंदी," सर म्हणाले, "ग्रह झाले नव्हते तेव्हा कढईतनं पडलेली. आता लाडू बघ. ताज्या लाडवात बुंदी सुटी दिसते, त्याला आम्ही तीन नंबर देतो. लाडू मुरत गेला, पाकात बुंदी विरली, कडा दिसेनाशा झाल्या की चार, पाच, सहा. तुझा किती?"

"सर, बुंदी हाय, पण कडा पुसल्यात."

"मग?"

"पाच?"

"पाच किंवा सहा. मी पाच म्हणणार होतो. आणि आत लोखंड किती? चिवड्यात शेंगदाणे भरपूर असले की तो एच. कमी असले की एल. काकूंच्या चिवड्यासारखा असला की एलएल."

"ऐकतेय मी," आतनं आवाज आला.

मला शाळेत एवढं कुणी शिकवलं असतं तर... पण ते जाऊ द्या. सांगायचं एवढंच की माझा नंबर बरोबर आला म्हणून एका सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि त्याच वेळी माझ्या पोटात तो जुना गोळा परत येऊन बसला.

कारण सर आता दगडाच्या बाहेरच्या अंगाकडं वळले होते.

आकाशातनं येताना दगड वरनं जळतो आणि त्याच्यावर काळी साल येते. साल ताजी, चकचकीत असली तर दगड नवा पडलेला. पण आतलं लोखंड गंजलेलं असलं तर दगड जुना, पुष्कळ वर्षं वाळवंटात पडून राहिलेला. माझ्या दगडाचं आतलं लोखंड निम्मं गंजलेलं होतं आणि एका टोकाची साल नव्या कोऱ्या बांगडीसारखी चमकत होती.

"घर पडीक आणि उंबऱ्याला ताजा रंग," सर म्हणायचे. "असं का व्हावं?"

पुढचे पंधरा दिवस त्यांना दुसरा विचार नव्हता. भाजी घेताना थांबायचे आणि भाजीवालीला म्हणायचे, "एकाच टोकाला, बरं का." पहिल्यांदा त्यांनी अशी कल्पना काढली की दगड एकदा हवेत शिरून, चाटून परत बाहेर गेला आणि मग पुन्हा आला. काकू म्हणाल्या, "म्हणजे छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखा." सरांनी ती कल्पना सोडून दिली. मग एके दिवशी आंघोळ अर्धी टाकून ते बाहेर आले, अंगाला साबण तसाच.

"वीज!"

"कुठं?" मी आणि आक्का दोघंही आभाळाकडं बघायला लागलो.

वीज त्या दगडावर पडली होती. म्हणजे दगड जुना, वाळवंटात गंजत पडलेला, आणि एका पावसाळ्यात त्याच टोकाला वीज लागून वरचा भाग वितळला. विजेनं वाळूची काच होते हे पुस्तकात आहेच, मग दगडाची का नाही? "आभाळातनं पडला तो पडला," सर म्हणाले, "आणि वर आभाळच त्याच्यावर पडलं. एवढं दुर्दैव मी फक्त आमच्या धाकट्या मेव्हण्याचं बघितलंय."

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण सरांचा चेहरा असा झाला होता की यात्रेत हरवलेलं पोरगं सापडावं. मी म्हणालो, "सर, साबण डोळ्यात जाईल."

त्यानंतर मला जेवण जाईना. आक्का म्हणाली, "तुला काय हुतंय रं? बिकानेरात पोरगी बिरगी बघितलीस का?" मी सगळं सांगितलं. आक्का बराच वेळ पोळपाट पुसत राहिली.

"सांगून टाक."

"आगं, ते म्हातारं माणूस. पस्तीस वरसं वाट बघितलीय त्यांनी. आता कागदावर सही करणार. तो कागद मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडं जाणार."

"म्हणून तर सांग म्हणत्ये. तिथं गेल्यावर कुणी ओळखलं तर सगळी त्यांनाच हसत्याल. तुला कोण वळखतंय?"

ते खरं होतं. कायद्यानं असला दगड सरकारच्या भूशास्त्र खात्याकडं द्यावा लागतो, आणि सरांना तो त्यांच्या वर्गीकरणाच्या टिपणासकट द्यायचा होता. टिपणात आठ पानं होती. त्यातली सहा विजेची.

पाठवायच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी आम्हाला ते वाचून दाखवायला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला. काकूंनी पोहे केलेले. आक्का माझ्या शेजारी बसली आणि पहिल्या पानापासून मला कोपरानं ढोसत राहिली. सर वाचत होते, आवाज चढत होता, "...यावरून निष्कर्ष निघतो की प्रस्तुत पाषाणावर, तो भूमीवर पडल्यानंतर दीर्घ काळाने, आकाशातील विजेचा आघात..."

"सर," मी म्हणालो, "ती वीज म्हंजे मी."

काकूंच्या हातातला डाव पोह्यांवर तसाच राहिला.

"म्हणजे?"

मी सांगितलं. सांडशी, भट्टी, टाकणखार, चांदी, सगळं. बोलताना मी फरशीकडं बघत होतो. संपल्यावर वर बघितलं तर सर चष्मा काढून पुसत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"भट्टी किती तापलेली?"

"सोनं गळंल एवढी, सर. त्याच्या वरच."

"आणि टाकणखार किती?"

"चिमूटभर."

"चिमूटभर," ते म्हणाले. आठ पानं त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि इस्त्रीच्या शर्टावरच गच्चीवर निघून गेले. पोहे खाल्ले नाहीत. दुपारी काकूंनी ताट वर नेलं, ते तसंच परत आलं. काकू मला रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मी आक्काला म्हणालो, मी उद्याच्या पहिल्या गाडीनं गावाकडं जातो, तिथनं बिकानेर. पिशवी भरली. दगड मात्र सरांच्या टेबलावर ठेवला.

सकाळी दार वाजलं. सर. खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला टोपी.

"आटपाडीला निघालास असं कळलं."

"व्हय सर."

"तिकडं भट्टी आहे का कुणाची?"

मला काही समजेना. "दादू आण्णाची हाय. म्हातारा हाय, गलाई सोडून आलाय. पण भट्टी ठेवलीय शेडात."

"मग चल. तू म्हणतोस ते खरं कशावरनं? आत्तापर्यंत तू मला तीनदा 'न्हाई सर' म्हणालायस."

दहिवडी-म्हसवडच्या गाडीत सर खिडकीत बसले. रस्ताभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त खिडकीतनं बोट दाखवून म्हणत होते, "बेसॉल्ट. बेसॉल्ट. हा पण बेसॉल्ट." पुढच्या बाकावरच्या बाईनं शेवटी विचारलं, "आजोबा, जमीन घ्यायची हाय का?" सर म्हणाले, "छे, बघितलेलीच आहे."

दादू आण्णानं भट्टी पेटवायला अर्धा दिवस लावला. मला वाटलं सर दोन मिनिटं बघतील आणि मला बोल लावून परत जातील. पण ते वही काढून भट्टीपुढं पाटावर मांडी घालून बसले. आमच्या दगडाचा, चकती कापताना उरलेला, सुपारीएवढा तुकडा त्यांनी कागदात आणला होता, मोठा दगड पिशवीत. मी तो सांडशीत धरला.

"थांब. सांडशी का? चिमटा का नाही?"

मी कारण सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"टाकणखार आधी का नाही टाकत?"

मी सांगितलं. लिहून घेतलं. एक प्रश्न मला येईना तो मी दादू आण्णाला विचारला. त्याला येईना तेव्हा सर म्हणाले, "मलाही येत नाही. पुढं चला." सात वर्षं मी हे काम करत होतो, ते कुणी वहीत उतरून घ्यावं असं मला कधी वाटलं नव्हतं. दादू आण्णा माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यो माणूस गलाईचं दुकान टाकतोय काय रं?"

तुकडा निवला. सरांनी एका हातात तो आणि दुसऱ्या हातात मोठ्या दगडाचं चकचकीत टोक असं उन्हात धरलं. भिंग ह्याच्यावर, भिंग त्याच्यावर. तीच काच, तेच बारीक बुडबुडे, तसाच हिरवट काळा रंग. बराच वेळ गेला. मी घामानं भिजलेलो, भट्टी बंद झालेली असून.

"शेम टु शेम हाय की रं गड्या," सर म्हणाले.

पाटणला पोचले होते. माझ्या जिवात जीव आला.

परतीच्या गाडीत बोलले. म्हणाले, "कालचा दिवस मी तुझ्यावर चिडलो नव्हतो. मी त्या विजेच्या प्रेमात पडलो होतो आणि दगड पहिल्या दिवसापासून मला सांगत होता की असं काही नाही. उजेडात धरलं असतं तर मलाच दिसलं असतं. पस्तीस वर्षं पोरांना म्हणत आलो, आधी बघा, मग बोला. स्वतःची पाळी आली तेव्हा आधी सहा पानं बोललो."

घरी आल्यावर त्यांनी ती सहा पानं गुंडाळली, दोरा बांधला आणि 'आकाशातून न पडलेले' फळीवर सुभेदारांच्या दगडाशेजारी ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं, 'वीज. आणणारा: निकम.' काकू त्या दिवशी हसल्या नाहीत. फळी पुसताना ती चिठ्ठी मात्र त्या दर वेळी सरळ करायच्या.

नवं टिपण दीड पानाचं झालं. मग सरांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला.

"तुझा जबाब लिही. दगड कुठं सापडला, काय काय केलंस, सगळं. तो पहिला लावायचा, माझं टिपण त्याच्या मागं."

"सर, तुमी सांगा, मी लिहितो."

"मी सांगून काय उपयोग? भट्टीपुढं मी होतो का?"

नववीनंतर मी पहिल्यांदा एवढं लिहायला बसलो. दोन दिवस लागले. सरांनी वाचलं, एक अक्षर बदललं नाही, फक्त शेवटी विचारलं, "ते गावाची आठवण झाली म्हणून उचलला, हे ठेवायचं का?" मी म्हणालो, खोडतो. ते म्हणाले, "खोडू नको. शास्त्राला त्याचा उपयोग नाही, पण खरं आहे ना? मग राहू दे."

दगड सगळाच्या सगळा सरकारी खात्याकडं गेला. मी बिकानेरला आलो. पुढं बरेच महिने काही कळलं नाही. मी दर आठवड्याला आक्काला विचारायचो आणि आक्का म्हणायची, "दगडाला घाई नसती म्हणं." मला मात्र होती. तिकडं कुणी तज्ज्ञ माणूस माझा जबाब वाचून म्हणाला की हे सगळं टाकाऊ आहे, भाजलेला दगड कसला तपासता, तर सरांची एकुलती एक उल्का माझ्या एका चिमटीनं गेली. सोनं वितळवायची मूस भट्टीत ठेवताना, काढताना हाच विचार.

काकूंचा फोन आला त्याला आता वर्ष होत आलं. सर झोपेतच गेले. मला जाता आलं नाही. रडणंही धड झालं नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं. त्याच्या आधी दीड महिना आमची शेवटची भेट झाली, ती सांगून थांबतो.

दुपारची वेळ होती, भट्टी रंगात आलेली. फोन वाजला, सरांचा, आणि तोही चित्राचा. सरांनी असा फोन कधी केलेला नव्हता. मी उचलला तर पडदाभर एक कान. सुरकुतलेला, पांढऱ्या केसांचा झुपका बाहेर आलेला. सरांनी फोन सवयीप्रमाणं कानाला लावला होता.

"बिकानेर का?" कान म्हणाला.

"व्हय सर."

"पत्र आलंय. ऐक. वाचतो." कागदाचा आवाज झाला. "सामान्य पाषाणी उल्का. वर्ग एच. प्रत पाच. पाच म्हणतायत, बरं का, सहा नाही. झीज मध्यम. आणि आता हे ऐक. एका टोकावरचं काचेसारखं आवरण नैसर्गिक नसून, शोधणाऱ्याच्या जबाबानुसार गलाईच्या भट्टीतलं आहे, आणि तपासणीत ते तसंच आढळलं. आतला भाग वर्गीकरणास निर्दोष. ऐकलंस?"

"ऐकलं सर."

"परत वाचतो," कान म्हणाला आणि सगळं परत वाचलं. 'जबाबानुसार' ह्या शब्दाला आवाज जरा चढला. खाली कुणाची सही आहे, दुसरी सही कुणाची, शिक्का कुठं उठलाय, तेही सांगितलं. मागनं काकू म्हणत होत्या, "अहो, फोन पुढं धरा, त्याला तुमचं तोंड दिसू द्या." सर म्हणाले, "तोंड कशाला, ऐकू येतंय त्याला सगळं."

मला लय बोलायचं होतं. पण मूस लाल झाली होती आणि मालक हाका मारत होते. मी फोन भट्टीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि सांडशी हातात घेतली. सर तिसऱ्यांदा पहिल्यापासून वाचायला लागले होते. मी मूस बाहेर काढली, सोनं ओतलं, आणि तेवढा सगळा वेळ त्या कानाकडं बघत मान हलवत राहिलो.